तारे आणि ग्रह घडतात कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायू आणि धुळीचा ढग गुरुत्वाकर्षणाने आकसला, मध्ये तारा झाला आणि उरलेल्या धुळीचे ग्रह झाले, असं एका वाक्यात सगळीकडे सांगितलं जातं. वाक्य बरोबर आहे, पण त्यात सगळ्यात अवघड भागच गाळला गेलाय. ओढायला गुरुत्वाकर्षण सतत हजर असतं. पण पदार्थ दाटीवाटीने एकत्र येण्याआधी त्याला दोन गोष्टी टाकून द्याव्या लागतात: उष्णता आणि फिरकी. त्या कशा टाकल्या जातात हे कळलं, की तारे का होतात आणि इतक्या सावकाश का होतात, हे दोन्ही उलगडतं. खालची बरीच उत्तरं म्हणूनच त्या मुद्द्याभोवती फिरतात.

अवकाश तर रिकामं असतं. मग गोळा व्हायला पदार्थ येतो कुठून?

अगदी रिकामं नसतं. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत सरासरी दर घन सेंटीमीटरला एखादा अणू सापडतो. समुद्रसपाटीच्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात, म्हणजे आपल्या हिशेबाने ती जागा मोकळीच. पण ती अफाट आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. शंभर-सव्वाशे प्रकाशवर्षं पसरलेल्या ढगात दर घन सेंटीमीटरला शंभरच रेणू असले, तरी एकूण वस्तुमान लाख-दोन लाख सूर्यांएवढं भरतं.

या पदार्थात वजनाने सुमारे तीन-चतुर्थांश हायड्रोजन आणि जवळजवळ पाव भाग हेलियम असतो. हायड्रोजन आणि बराचसा हेलियम महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतला. उरलेल्या एक-दोन टक्क्यांत बाकी सगळं आलं: कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, मॅग्नेशियम, लोह. हे आधी जगून गेलेल्या ताऱ्यांनी बनवलं आणि मरताना बाहेर टाकलं. त्यातला बराच भाग मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) लहान धूलिकणांच्या रूपात तरंगतो. पृथ्वीसारखा खडकाळ ग्रह जवळजवळ पूर्णपणे या एक-दोन टक्क्यांतूनच बनतो, हे लक्षात ठेवलं तर पुढचं समजायला सोपं जाईल.

गुरुत्वाकर्षण सगळीकडे आहे, तर सगळा वायू केव्हाच गोळा का झाला नाही?

कारण वायूला स्वतःचा दाब असतो. ढग आकसायला लागला की आतले रेणू एकमेकांवर जास्त आपटतात, दाब वाढतो आणि ढग परत फुगतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये या रस्सीखेचीचं गणित मांडलं. ठरावीक तापमान आणि घनता असलेल्या वायूचं वस्तुमान एका मर्यादेपलीकडे गेलं, तरच गुरुत्वाकर्षण जिंकतं. ही मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते आणि घनता वाढली की कमी होते.

आकडे घेऊन पाहा. वायू उणे १७३ अंश सेल्सिअसला, म्हणजे १०० केल्विनला असेल आणि दर घन सेंटीमीटरला एखादाच अणू असेल, तर तो स्वतःच्या वजनाने आकसायला हजारो सूर्यांएवढं वस्तुमान एका जागी लागतं. तोच वायू १० केल्विनपर्यंत थंड झाला आणि घनता दहा हजार पटींनी वाढली, की काही सूर्यांएवढं वस्तुमान पुरतं. म्हणून ताऱ्यांचा जन्म विश्वातल्या अतिशय थंड जागांमध्ये होतो.

इतका थंड होईपर्यंत वायू आपली उष्णता घालवतो तरी कशी?

ही गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. थंड ढगात हायड्रोजनच्या रेणूंचीच गर्दी असते, पण इतक्या कमी तापमानाला हायड्रोजनचा रेणू ऊर्जा बाहेर फेकू शकत नाही. ते काम कार्बन मोनॉक्साइड करतो. दर दहा हजार हायड्रोजन रेणूंमागे त्याचा एखादाच रेणू असतो. हायड्रोजनचा रेणू त्याच्यावर आपटला की तो गरकन फिरायला लागतो. थोड्या वेळाने तो मंदावतो आणि मंदावताना २.६ मिलिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. ती लहर ढगातून निसटून अवकाशात गेली की धडकेतली तेवढी ऊर्जा ढगाने कायमची गमावली. असं अब्जावधी वेळा, लाखो वर्षं चालू राहतं. विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांनी ही लहर १९७० मध्ये पहिल्यांदा टिपली आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या थंड ढगांचे नकाशे काढता यायला लागले.

धूळही दोन कामं करते. बाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवून ती ढगाचा गाभा तापू देत नाही. शिवाय तिच्या कणांच्या पृष्ठभागावर दोन हायड्रोजन अणूंची गाठ पडून रेणू तयार होतो. मोकळ्या वायूत ही गाठ फार क्वचित पडते.

भुजंगधारी तारकासमूहातला 'बर्नार्ड ६८' हा अशा ढगाचा फार चांगला नमुना. साध्या छायाचित्रात ताऱ्यांच्या गर्दीत एक काळा डाग दिसतो, आकाशाला भोक पडल्यासारखा. अवरक्त किरणांत पाहिलं की मागचे तारे त्यातून दिसायला लागतात. कुठला तारा किती मंद दिसतो हे मोजून २००१ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी या ढगाची घनता कडेपासून गाभ्यापर्यंत काढली. जेमतेम अर्ध्या प्रकाशवर्षाचा हा ढग गुरुत्वाकर्षण आणि दाब यांच्या तोलाच्या अगदी काठावर आहे.

मग ढग आकसायला लागतो कशाने? कुणी धक्का द्यावा लागतो का?

कधी लागतो, कधी नाही. जवळ एखादा जड तारा सुपरनोव्हा होऊन फुटला, तर त्याच्या धक्क्याने ढग दाबला जातो. आकाशगंगेच्या सर्पिल भुजेतून जाताना वायूची दाटी होते. दोन ढग एकमेकांवर आदळतात. पण ढगाच्या आतला खळबळाटही पुरेसा ठरतो: वायूचे वेगवान झोत एकमेकांना भिडतात तिथे लांबट धागे तयार होतात आणि धाग्यांवर जागोजागी दाट गाठी पडतात. युरोपच्या हर्शेल दुर्बिणीने असे धागे ढगामागून ढगात दाखवले. त्यामुळे प्रत्येक ताऱ्यासाठी एखादा मोठा स्फोट शोधत बसायची गरज नाही, असं मला वाटतं.

एका ढगातून एकच तारा होतो का?

क्वचितच. आकसताना मोठ्या ढगाचे तुकडे पडतात आणि शेकडो, कधी हजारो तारे एकत्र जन्मतात. कृत्तिकेतले तारे अशीच भावंडं आहेत. वय सुमारे १० कोटी वर्षं, संख्या हजाराच्या वर. नुसत्या डोळ्यांना त्यातले सहा-सात दिसतात. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आजही जोडीदार आहे. आपला सूर्य एकटा आहे आणि त्याची भावंडं केव्हाच आकाशगंगेत विखुरली.

तरीही ढगातला बहुतेक वायू ताऱ्यांत जातच नाही. पहिल्या पिढीत दोन-चार जड तारे निघाले, की त्यांचे अतिनील किरण आणि वारे उरलेला ढग पोखरून उडवून लावतात. १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने टिपलेले गरुड तेजोमेघातले प्रसिद्ध खांब म्हणजे अशा पोखरलेल्या ढगाचे उरलेले दाट भाग. सगळ्या आकाशगंगेत मिळून आज वर्षाला एक-दोन सूर्यांएवढाच पदार्थ ताऱ्यांत जमा होतो.

आकसणारा ढग गोल न राहता तबकडीसारखा चपटा का होतो?

इथे दुसरं ओझं येतं, फिरकी. ढगाचा गाभा स्वतःभोवती अगदी हळू फिरत असतो. एक फेरी पूर्ण व्हायला काही दशलक्ष वर्षं लागतात. पण त्याची एकूण फिरकी, शास्त्रीय भाषेत कोनीय संवेग, कुठे जात नाही. ढग जितका आकसतो तितका वेगाने फिरतो. अक्षाच्या दिशेने वरून आणि खालून वायू सरळ खाली पडू शकतो, तिथे त्याला अडवणारं काही नसतं. अक्षाला काटकोनात मात्र फिरण्याचा वेग त्याला आत येऊ देत नाही. वरून-खालून पडत राहिलं आणि बाजूने अडलं, की तबकडी तयार होते. सूर्यमालेत याची खूण आजही आहे. आठही ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने फिरतात. त्यांच्या कक्षांची पातळीही जवळजवळ एकच: पृथ्वीच्या कक्षेशी सगळ्यात जास्त कललेली कक्षा बुधाची, तीही फक्त सात अंशांनी.

इमॅन्युएल कांट यांनी १७५५ मध्ये आणि लाप्लास यांनी १७९६ मध्ये फिरत्या मेघातून सूर्यमाला घडल्याची कल्पना मांडली होती. ती पुढे मागे पडली, आणि कारण मोठं होतं. सूर्यमालेचं ९९.८ टक्के वस्तुमान सूर्यात आहे, पण कोनीय संवेगाचा चार टक्क्यांहूनही कमी वाटा त्याच्याकडे आहे. बाकी सगळा ग्रहांकडे, त्यातही गुरूकडे. ढग नुसता आकसला असता तर सूर्य आज भन्नाट वेगाने फिरत असायला हवा होता. तो महिन्याच्या आसपास एक फेरी घेतो. या अडचणीमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरेच शास्त्रज्ञ म्हणायला लागले, की दुसरा एखादा तारा सूर्याजवळून गेला आणि त्याने ओढून काढलेल्या पदार्थाचे ग्रह झाले.

फिरकी बाहेर कशी जाते हे कळल्यावर जुनी कल्पना परत आली. चुंबकीय क्षेत्राच्या रेषा कोवळ्या ताऱ्याला त्याच्या तबकडीशी बांधून ठेवतात आणि ताऱ्याचा वेग आवरतात. तबकडीतला काही वायू या रेषांवरून वर उडतो, आणि थोडासा पदार्थ बरीच फिरकी घेऊन निघून जातो. कोवळ्या ताऱ्यांच्या दोन्ही ध्रुवांकडून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने निघणारे झोत दुर्बिणीतून दिसतात. समोरच्या वायूवर ते आदळतात तिथे चमकणाऱ्या गाठींना हर्बिग आणि हारो यांची नावं दिली आहेत. काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या छायाचित्रांत या गाठी पुढे सरकलेल्या दिसतात.

तारा नेमका कधी 'पेटतो'?

'पेटणं' या शब्दामुळे बराच घोटाळा होतो. अणुसंमीलन, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रकं जुळून हेलियम होणं, सुरू होण्याच्या लाखो वर्षं आधीपासून तारा प्रकाशत असतो. गाभा दाट झाला की तो अपारदर्शक बनतो, उष्णता आत कोंडते, दाब वाढतो आणि कोसळणं थांबतं. त्यानंतर तारा हळूहळू आकसतो आणि आकसताना सुटणाऱ्या ऊर्जेवर चमकतो. या टप्प्यावर लहानगा सूर्य आजच्यापेक्षा मोठा होता आणि काही काळ आजच्यापेक्षा काही पट तेजस्वीही होता. जपानी शास्त्रज्ञ चुशिरो हायाशी यांनी १९६१ मध्ये या काळातला ताऱ्यांचा प्रवास गणिताने मांडला.

केंद्राचं तापमान एक कोटी अंशांच्या आसपास गेलं की हायड्रोजनचं हेलियममध्ये रूपांतर जोरात सुरू होतं. सूर्याला इथपर्यंत यायला तीन ते पाच कोटी वर्षं लागली. आता पृष्ठभागावरून जेवढी ऊर्जा जाते तेवढी गाभ्यात तयार होते, म्हणून आकसणं थांबतं. संमीलनाने तारा चमकायला लागतो यापेक्षा संमीलनाने तो आकसायचा थांबतो, हे म्हणणं मला जास्त नेमकं वाटतं.

उष्णता घालवून कुणी तापेल कसं? हे उलटं नाही का?

उलटं वाटतं खरं. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने धरून ठेवलेला वायूचा गोळा ऊर्जा गमावतो तेव्हा आकसतो. आकसताना गुरुत्वीय ऊर्जा सुटते. तिच्यातला साधारण अर्धा भाग प्रकाश होऊन बाहेर जातो आणि उरलेला अर्धा वायू तापवतो. म्हणजे जितकं गमवावं तितकं तापावं! आपल्या रोजच्या वस्तू अशा वागत नाहीत, कारण त्या स्वतःच्या गुरुत्वाने एकत्र राहिलेल्या नसतात.

यातच आणखी एका शंकेचं उत्तर आहे: विस्कळीत ढगातून नीटनेटका तारा झाला तर एन्ट्रॉपी, म्हणजे ढोबळमानाने अव्यवस्था, घटली का? ताऱ्याची घटली, पण त्या बदल्यात चौफेर फेकलेल्या प्रकाशाची त्याहून कितीतरी जास्त वाढली. तो प्रकाश बाहेर पडायला जागा नसती तर ढग आकसलाच नसता.

आकसूनही जो तारा होत नाही, त्याचं काय?

सूर्याच्या सुमारे ८ टक्क्यांपेक्षा, म्हणजे ७५ ते ८० गुरूंपेक्षा कमी वस्तुमान असेल तर केंद्र पुरेसं तापायच्या आधीच इलेक्ट्रॉनांचा दाब आकसणं थांबवतो. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे गणित केलं. जिल टार्टर यांनी १९७५ मध्ये अशा पिंडांना दिलेलं नाव मराठीत 'तपकिरी बटू' असं रुळलं. १९९५ मध्ये असे पिंड प्रत्यक्ष सापडले. ते हळूहळू निवत जातात.

म्हणजे गुरू हा 'होता होता राहिलेला तारा' आहे?

नाही. त्याला आणखी सत्तर-पंच्याहत्तर गुरूंचं वस्तुमान लागलं असतं, आणि तो घडलाही वेगळ्या रीतीने.

धुळीचे कण एकमेकांना चिकटतात कसे? त्यांचं गुरुत्वाकर्षण तर नगण्य.

बरोबर, सुरुवातीला गुरुत्वाकर्षणाचा काहीच हात नसतो. इथे स्थिर विद्युतभार आणि रेणूंमधली जवळची ओढ काम करते. २००३ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर अंतराळवीर डॉन पेटिट यांनी फावल्या वेळात प्लास्टिकच्या पिशवीत मीठ, साखर असे पदार्थ भरले, पिशवी हवेने फुगवली आणि हलवली. वजनरहित अवस्थेत ते कण वेगळे तरंगत राहिले नाहीत. काही सेकंदांतच त्यांचे गोळे झाले. हलवताना कण एकमेकांवर घासले आणि त्यांच्यावर विद्युतभार आला. ग्रह घडण्याच्या पहिल्या पायरीबद्दल इतकी साधी आणि बोलकी चाचणी मला दुसरी माहीत नाही.

तबकडीत कण फार हळू धडकतात, म्हणून चिकटतात. सुरुवातीचे पुंजके कापसाच्या बोळ्यासारखे विरविरीत असतात. धडक बसली की दबतात आणि धक्का पचवतात. मिलिमीटर-सेंटीमीटरपर्यंत हे चालतं. पुढे कण घट्ट होतात, आणि एकमेकांवर आपटले की चिकटण्याऐवजी उडतात किंवा फुटतात.

मग खड्यांपासून ग्रह कसा होतो?

हा या विषयातला सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर प्रश्न. अडचण नीट पाहू. तबकडीतल्या वायूला दाबाचा थोडा आधार असतो, म्हणून तो ताऱ्याभोवती किंचित हळू फिरतो. दगडाला तसा आधार नाही; त्याला पूर्ण वेगाने फिरावं लागतं. परिणामी दगडाला कायम समोरून वारा लागतो. पृथ्वीच्या अंतरावर हा वारा सेकंदाला सुमारे ५० मीटरचा असतो. बारीक धूळ वायूबरोबर वाहते, तिला तो जाणवत नाही. मोठा डोंगर त्याला दाद देत नाही. मधल्यामध्ये मीटरभराचा दगड सापडतो: वाऱ्याने त्याचा वेग मोडतो आणि तो गिरक्या घेत ताऱ्याकडे घसरायला लागतो. १९७७ मध्ये स्टुअर्ट वाइडनशिलिंग यांनी हिशेब केला, तेव्हा असा दगड शंभरेक वर्षांत ताऱ्यात जाऊन पडेल असं निघालं. दगडाला डोंगर व्हायला इतका वेळ पुरणारच नाही.

वाट निघाली ती गर्दीतून. २००५ मध्ये अँड्र्यू यूडिन आणि जेरेमी गुडमन यांनी दाखवलं, की खडे एका जागी थोडे जास्त जमले तर ते आपल्याबरोबर वायूलाही ओढतात. तिथला समोरचा वारा मंदावतो, खडे आत घसरायचे कमी होतात आणि बाहेरून घसरत येणारे खडे त्या घोळक्यात अडकतात. घोळका वाढतो, वारा आणखी पडतो, आणखी खडे अडकतात. शेवटी घोळका इतका दाट होतो, की त्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण त्याला गोळा करतं आणि मधल्या सगळ्या पायऱ्या ओलांडून थेट दहा-वीस ते शंभरेक किलोमीटरचा पिंड तयार होतो. त्याला ग्रहबीज म्हणू या.

हे नुसतं संगणकावरचं गणित नाही. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान नेपच्यूनच्या पलीकडच्या अ‍ॅरोकोथ नावाच्या पिंडाजवळून गेलं. सूर्यापासून इतक्या लांब, की घडल्यापासून त्याला फारसा कुणाचा धक्का लागलेला नाही. लांबी सुमारे ३६ किलोमीटर. दोन चपटे गोळे एकमेकांना टेकलेले, मध्ये अरुंद मान. त्या मानेजवळ चुरडल्याच्या, तडा गेल्याच्या खुणा नाहीत. हे दोन भाग माणसाच्या चालण्याच्या वेगाने किंवा त्याहूनही हळू एकमेकांना टेकले असावेत. दूरवरून वेगाने येऊन आदळलेल्या पिंडांना हे जमत नाही. एकाच घोळक्यातून एकत्र जन्मलेल्यांना जमतं.

पृथ्वी लहान आणि खडकाळ, गुरू एवढा मोठा. एकाच तबकडीतून असा फरक का?

दोन कारणं: बर्फ आणि वेळ. ताऱ्यापासून एका अंतरापलीकडे पाणी गोठतं. तिथलं तापमान शून्याखाली शंभरेक अंशांहून कमी असतं. या सीमेला हिमरेषा म्हणतात. आपल्याकडे ती सुरुवातीच्या काळात आजच्या लघुग्रहांच्या पट्ट्याच्या आसपास होती. तिच्या पलीकडे खडकाबरोबर बर्फही घन रूपात मिळतो, म्हणून गाभा लवकर वाढतो. गाभा पृथ्वीच्या दहापट झाला की तो आजूबाजूचा हायड्रोजन आणि हेलियम धडाधड ओढायला लागतो. गुरू अशा रीतीने ३१८ पृथ्वींएवढा झाला. गुरूचा अभ्यास करायला पाठवलेल्या जुनो यानाच्या मोजमापांवरून त्याचा गाभा घट्ट गोळा नसून वरच्या थरांत बराच मिसळलेला आहे असं दिसतं.

वेळेचं बंधन कडक आहे. तबकडीतला वायू तीस लाख ते एक कोटी वर्षांत संपतो: काही ताऱ्यात पडतो, काही उडून जातो. गुरू आणि शनीला त्या आत आपलं काम उरकावं लागलं. पृथ्वीला घाई नव्हती. वायू गेल्यावरही चंद्र-मंगळाच्या आकाराचे पिंड कोट्यवधी वर्षं एकमेकांवर आदळत राहिले. तशाच एका मोठ्या आघातात उडालेल्या पदार्थातून चंद्र झाला, हे आज सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण आहे.

काही ताऱ्यांना तर गुरूसारखे ग्रह अगदी चिकटून आहेत. ते तिथे कसे?

ते लांब घडून आत सरकले असावेत. मायर आणि केलो यांना १९९५ मध्ये सापडलेला ५१ पेगासी बी आपल्या ताऱ्याभोवती ४.२ दिवसांत फेरी मारतो. या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. इतक्या तापलेल्या जागी एवढा ग्रह घडायला पुरेसा घन पदार्थ मिळणं कठीण. तबकडीतला वायू ग्रहाचा कोनीय संवेग काढून घेतो आणि ग्रह आत येतो. किंवा दुसऱ्या ग्रहाच्या ओढीने कक्षा लांबट होते आणि मग ताऱ्याजवळ आक्रसते.

हे सगळं कुणी घडताना पाहिलंय, की नुसता तर्क आहे?

एका ताऱ्याचा सगळा जन्म बघायला लाखो वर्षं लागतील. पण वेगवेगळ्या वयाचे तारे आकाशात एकाच वेळी दिसतात आणि त्यांच्यावरून क्रम लावता येतो. १९८३ मध्ये अवरक्त किरण टिपणाऱ्या आयरास उपग्रहाला अभिजित ताऱ्याभोवती उबदार धुळीची चाहूल लागली. पुढच्याच वर्षी बीटा पिक्टोरिस ताऱ्याची तबकडी छायाचित्रात आली. नव्वदच्या दशकात हबलने मृगातल्या तेजोमेघात कोवळ्या ताऱ्यांभोवतीच्या काळसर तबकड्या दाखवल्या.

२०१४ चं चित्र या सगळ्यांवर मात करणारं ठरलं. चिलीच्या अटाकामा वाळवंटात सुमारे ५,००० मीटर उंचीवर असलेल्या अल्मा या ६६ अँटेनांच्या दुर्बिणीने वृषभेतल्या एचएल टाउरी या ताऱ्याची तबकडी टिपली. ४५० प्रकाशवर्षांवरून एकात एक बसलेली तेजस्वी आणि गडद वलयं स्वच्छ दिसली. ताऱ्याचं वय दहा लाख वर्षांच्या आतलं. एवढ्या कोवळ्या तबकडीत वलयं असतील अशी फारशी कुणाची अपेक्षा नव्हती. गडद पट्ट्यांत ग्रह पदार्थ झाडून घेत असतील, तर ग्रह घडायला आपण समजत होतो त्यापेक्षा बरंच आधी सुरुवात होते.

मग २०१८ मध्ये पीडीएस ७० या ३७० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याच्या तबकडीतल्या मोकळ्या जागेत घडत असलेल्या ग्रहाचं थेट चित्र मिळालं आणि पुढच्या वर्षी दुसरा ग्रह सापडला. २०२१ मध्ये या दुसऱ्या ग्रहाभोवती त्याची स्वतःची छोटी तबकडीही स्पष्ट दिसली. गुरूसारख्या मोठ्या ग्रहांचे मोठे चंद्र घडतात ते अशाच तबकडीत.

आपल्या सूर्यमालेचं वय इतकं अचूक कसं सांगतात?

अशनींवरून, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांवरून. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत आयेंदे गावाजवळ मोठी अशनी फुटून पडली आणि तिचे दोन टनांहून जास्त तुकडे गोळा झाले. तिचा कापलेला तुकडा पाहिला तर काळपट पार्श्वभूमीवर मिलिमीटरभराचे करडे गोल मणी दिसतात. हे वितळून पुन्हा गोठलेल्या खडकाचे थेंब. त्यांच्यात मधूनमधून वेडेवाकडे पांढरे ठिपके असतात, कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमने भरलेले. तापलेला वायू निवताना सगळ्यात आधी घन होणारी खनिजं हीच. युरेनियमच्या क्षयातून झालेल्या शिशावरून त्यांचं वय ४५६ कोटी ७० लाख वर्षं निघतं. सूर्यमालेचा जन्म आपण तिथून मोजतो.

त्याच पांढऱ्या ठिपक्यांत १९७६ मध्ये मॅग्नेशियम-२६ हे समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) अपेक्षेपेक्षा जास्त सापडलं. ते किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम-२६ पासून बनतं, आणि या अ‍ॅल्युमिनियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, जेमतेम सात लाख वर्षं. म्हणजे सूर्यमाला घडायच्या अगदी थोडं आधी जवळपासच्या जड ताऱ्याने हे ताजं अ‍ॅल्युमिनियम ढगात सोडलं होतं. ते सुपरनोव्हातून आलं की ताऱ्याच्या वाऱ्यातून, यावर अजून वाद आहे. त्याच्या क्षयाच्या उष्णतेने सुरुवातीची बरीच ग्रहबीजं आतून वितळली आणि लोह त्यांच्या गाभ्यात उतरलं. संग्रहालयांतल्या लोखंडी अशनी म्हणजे फुटलेल्या अशा गाभ्यांचे तुकडे.

ग्रह गोल आणि लघुग्रह वेडेवाकडे का?

आकार पुरेसा मोठा झाला की गुरुत्वाकर्षणापुढे खडकाची किंवा बर्फाची ताकद चालत नाही. शनीचा बर्फाळ चंद्र मिमास सुमारे ४०० किलोमीटर व्यासाचा असूनही गोल आहे. खडक जास्त कणखर, त्याला आणखी मोठं व्हावं लागतं.

विश्व प्रसरण पावतंय, तर पदार्थ एकत्र कसा येतो?

प्रसरण दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड संचांच्या) समूहांमधल्या अंतरांत जाणवतं. आकाशगंगेच्या आत गुरुत्वाकर्षणाने सगळं बांधलेलं आहे, आणि ढगांच्या आकसण्यावर प्रसरणाचा परिणाम होत नाही.

यातलं काही नुसत्या डोळ्यांनी दिसतं का?

दिसतं. मृग नक्षत्रात एका ओळीतले तीन तारे शोधा. त्यांच्या जवळच मंद ताऱ्यांची आणखी एक छोटी ओळ लोंबताना दिसेल. तिच्या मधला 'तारा' जरा पुसट दिसतो, कारण तो तारा नाही. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा मृगातला तेजोमेघ आहे. साध्या द्विनेत्रीतून तो करडा-हिरवट धुक्याचा पुंजका वाटतो. छायाचित्रांतला गुलाबी रंग दिसत नाही, कारण अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांना लाल रंग नीट कळत नाही. लहान दुर्बिणीतून त्याच्या मध्यात चार तारे जवळजवळ दिसतात. त्यातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्याचे अतिनील किरण हा सगळा ढग उजळवतात, आणि आजूबाजूच्या कोवळ्या ताऱ्यांच्या तबकड्याही तेच किरण झिजवतात. डिसेंबर ते मार्च या काळात संध्याकाळनंतर मृग चांगला वर असतो. चंद्र नसलेली रात्र निवडा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्या.